गाऱ्हाण्यातलं हॉटेल

पोलीस कार्यालयातून फोन आला तेव्हा मी ओले काजूगर सोलत बसले होते. काजूचा चीक हाताला लागला की कातडं सोलून निघतं, म्हणून दोन्ही हातांना राख फासलेली. त्यामुळे फोन आमच्या ह्यांनी घेतला. "हो, हो, येतो," एवढंच बोलले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. कोणाचा फोन, म्हणून मी विचारलं. "पोलिसांचा," हे म्हणाले, दूधवाल्याचा म्हणावं तसं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कधी घाबरायचं ते ह्या माणसाला मला अजून शिकवता आलेलं नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी परदेशी लोकांची नोंद ठेवणारी पोलिसांची एक शाखा असते. तिथून बोलावणं होतं. आम्हा दोघांना, गावच्या मानकऱ्यांना आणि तिला. तिने पासपोर्ट बरोबर आणायचा होता.

ती म्हणजे आमची बाय. आमच्याकडे घरातल्या पोरीला बाय म्हणतात, तशीच आम्ही तिला हाक मारायचो. बेल्जियमची, चाळिशी गाठलेली, तिकडे शाळेत चित्रकला शिकवणारी. रत्नागिरीच्या आसपास सड्यावर, म्हणजे आमच्या त्या उघड्या कातळाच्या माळावर, जुन्या माणसांनी कोरून ठेवलेले हत्ती, मासे, माणसं आहेत. ती बघायला म्हणून पहिल्यांदा आली. मालगुंडच्या रस्त्याला आमचं घर. ह्यांच्या निवृत्तीनंतर दोन खोल्या वाढवून आम्ही निवास-न्याहारीची पाटी लावली होती, तिथे उतरली. चार रात्रींसाठी आलेली बाई महिनाभर राहिली. पुढच्या थंडीत परत आली, त्याच्या पुढच्या थंडीत पुन्हा. मराठी शिकली ती माझ्या तोंडून, त्यामुळे माझ्या निवडक शिव्यासुद्धा तिला तोंडपाठ. मुडद्या हा शब्द ती मांजराला इतक्या प्रेमाने म्हणायची की ऐकत राहावं.

तिसऱ्या थंडीत ती म्हणाली, "काकी, मला हेच काम करायचं आहे. चित्रं काढणाऱ्या लोकांना इथे आणायचं, तुमच्या घरात ठेवायचं, सड्यावर न्यायचं." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मुलगा ऑस्ट्रेलियात, तो काही येऊन पाटी सांभाळणार नव्हता. पण ही बया कायद्याच्या बाबतीत भारी काटेकोर. म्हणाली, आधी वकील.

रत्नागिरीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत ह्यांच्या ओळखीचे एक वकील बसतात. त्यांनी तासभर आमचं डोकं पिंजलं. शेतजमीन परदेशी माणसाला घेता येत नाही, विसरा. घर घ्यायचा विचारही नको, फार तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेकराराने. कंपनी काढता येईल, हॉटेलच्या धंद्यात बाहेरचा पैसा आणायला तशी मुभा आहे, पण त्याची नोंद रीतसर झाली पाहिजे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे व्हिसा. "तुम्ही आलाय पर्यटक म्हणून," ते तिला म्हणाले. "पर्यटकाने बघायचं, खायचं, घरी जायचं. धंदा करायचा तर आपल्या देशात परत जायचं आणि धंद्याचा व्हिसा मागून घ्यायचा. तोवर तुम्ही इथे कोणाला चहासुद्धा विकायचा नाही." नियम मोडला तर काय, असं तिने विचारलं. देश सोडायची नोटीस, ते म्हणाले, आणि वर नाव काळ्या यादीत. मग पुन्हा ह्या मातीवर पाय ठेवता येईल याची खात्री नाही.

तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. ठरलं असं, की शिमगा बघायचा, मग तिने घरी जायचं, अर्ज करायचा आणि पावसाळा संपता संपता यायचं. भाडेकराराचा मसुदा वकिलांकडेच पडून राहिला, कोणी सही केली नाही. इतकं सगळं सरळ होतं. आणि मग आमचा शिमगा आला.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पालखी दारात आली की घरची बाई ओटी भरते, नारळ ठेवते आणि मानकरी त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतात. आमचे मानकरी म्हणजे ऐंशीला टेकलेला माणूस, पण आवाज असा की पलीकडच्या वाडीला ऐकू जावा. आणि गाऱ्हाणं घालताना त्यांचा हात सढळ. एका रिक्षावाल्याच्या दारात ते देवाकडे गाड्यांचा ताफा मागतात. ज्याच्या घरी एक शेळी, त्याच्यासाठी गोठा भरून मागतात. मागायला काय जातंय.

त्या दिवशी पालखी आमच्या अंगणात आली. मी बायला पुढे केली, म्हटलं, नारळ तू ठेव. तिने माझीच हिरवी साडी नेसलेली. मानकऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, त्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"ही पोर समुद्रापल्याडसून तुझ्या पायाशी आली हाय म्हाराजा. हिला तू आपली म्हण म्हाराजा. हिच्या हाटेलात पावण्यांची रीघ लागू दे, हिचा धंदा दसपट कर, हिच्या वाटेत कोण आडवा येईल त्याला तू बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मीही मोठ्याने व्हय म्हाराजा म्हटलं. आमचे दीर मुंबईहून शिमग्याला आलेले. ते हातात फोन धरून समोरच उभे. त्यांनी सगळं टिपलं आणि त्याच संध्याकाळी जगजाहीर केलं. वर मथळा दिला, आमच्या गावात फॉरेनर बाईचं हॉटेल, देवानेही दिला आशीर्वाद. तो व्हिडिओ कोणाकोणाच्या फोनवर गेला देव जाणे. कोणीतरी तो पोलिसांनाही पाठवला. कोणी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर त्याला देवाने बघून घ्यायच्या आधी मीच बघून घेतलं असतं.

फोन आला त्या दिवशी मी दिरांना मुंबईला फोन लावला. "भावजी," मी म्हटलं, "तुमच्या त्या फोनला विहिरीत टाका आणि मागून तुम्हीही उडी घ्या." व्हिडिओ काढून टाकला, ते बिचारे म्हणाले. आता काढून काय उपयोग.

बायला मी सांगितलं तेव्हा ती मागच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिने हातातलं काम थांबवलं. "मी काही केलं नाही, काकी," ती म्हणाली. मला माहीत होतं. पण तिचा चेहरा इतका उतरला की मला दिरांचा, मानकऱ्यांचा, त्या अनोळखी चहाडखोराचा, सगळ्यांचा एकदम संताप आला. तो मी काजूंवर काढला.

रत्नागिरीला जाताना गाडीत मानकरी पुढे बसलेले, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. अर्ध्या वाटेत ते मागे न वळता म्हणाले, "एक आधीच सांगतो. देवासमोर मी खोटं बोललो, असं काय मी लिवून देणार नाय." वकिलांनी आदल्या दिवशी तेच सुचवलं होतं. म्हणे, मानकऱ्यांना सांगा, चुकून बोललो म्हणा. हे सांगायची हिंमत कोणालाच झाली नव्हती.

वकील पोलीस कार्यालयाच्या दारातच भेटले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, विचारतील तेवढंच बोला. आणि नात्यागोत्यात शिरू नका. ती पाहुणी आहे. बस."

आतले पोलीससाहेब तरुणच होते, कोल्हापूरकडचे असावेत. "बसा की काकू," म्हणाले, पाणी मागवलं. खेकसले असते तर मी चांगली तयारीत होते. गोड बोलणाऱ्या माणसापुढे मला सुचत नाही. त्यांनी फोनवर तो व्हिडिओ लावला. त्या खोलीत, पंख्याखाली, आमच्या सगळ्या गावाचा व्हय म्हाराजा घुमला. बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला.

"हिच्या हाटेलात, असं म्हणताय तुम्ही," साहेब मानकऱ्यांना म्हणाले. "कुठं आहे हॉटेल?"

"नाय," मानकरी म्हणाले.

"मग बोललात कसं?"

"मागितलं. देवाकडं मागतात ते बोलूनच मागतात."

"म्हणजे हे खोटं का?"

"खोटं कशाला होईल?" मानकऱ्यांचा आवाज चढला. "मी मागितलं ते खरं. दिलं नसेल तर ते त्याला विचारा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, आमच्या गाऱ्हाण्यात असंच असतं. शेजारच्या रिक्षावाल्याला देवाने आतापर्यंत कितीतरी ताफे द्यायला हवे होते. असलेलं कोणी मागतं का?" साहेब जरा हसले. मला वाटलं, सुटलो. वकिलांनीही श्वास सोडला.

मग त्यांनी दुसरा कागद ओढला. आमच्याकडे परदेशी पाहुणा उतरला की पोलिसांना चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. ते मी दर वेळी कळवलेलं होतं, अगदी वेळेत. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी बोट ठेवलं ते भलतीकडेच.

"पहिल्या दोन वर्षांच्या पावत्या आहेत खोलीभाड्याच्या," ते म्हणाले. "ह्या वर्षीची एकही नाही. ही बाई कित्येक महिने तुमच्याकडे राहते आहे. भाडं का नाही घेतलं?"

आता काय सांगू ह्या माणसाला? त्या वर्षी ती आली तेव्हा मी तापाने झोपलेली होते. तिने पिशवी ठेवली, चूल पेटवली, पेज केली, मला भरवली. त्यानंतर भाडं मागायचं? मला सुचलंसुद्धा नाही. तिने दोनदा पाकीट पुढे केलं आणि दोन्ही वेळा मी तिला झापलं.

"घरच्या माणसाकडून भाडं कोण घेतं?" मी बोलून गेले.

वकिलांनी डोळे मिटले. साहेब सावरून बसले. तेव्हा मला कळलं की मी काय केलं. "घरचं माणूस," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे घरात काम करतात त्या. स्वयंपाक, साफसफाई, पाहुण्यांचं बघणं. त्याच्या बदल्यात राहणं-जेवण. काकू, याला नोकरी म्हणतात. नाहीतर भागीदारी म्हणतात. आणि ह्यांच्या व्हिसावर दोन्ही चालत नाही."

बाय माझ्या शेजारच्या खुर्चीत, पासपोर्ट मांडीवर धरून. तिला सगळं कळत होतं. मराठी तिला मीच शिकवली होती.

"मला एकच सांगा," साहेब म्हणाले. "ह्या तुमच्या कोण?"

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला हे घाबरलेले दिसले. वकील टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होते. माझ्या जिभेवर दुसरंच उत्तर होतं, आणि ते दिलं असतं तर तिच्या पासपोर्टवर शिक्का बसून ती आम्हाला कायमची दुरावली असती. मी गिळलं ते उत्तर.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"नातं?"

"काही नाही. पाहुणी आहे. दोन थंड्या गिऱ्हाईक म्हणून आली, ओळख झाली, ह्या वेळी आम्ही बोलावलं म्हणून आली. आमचा धंदा आमचा आहे. तिचा त्याच्याशी संबंध नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "बरोबर आहे का हे?"

"बरोबर आहे," ती मराठीत म्हणाली. "मी त्यांची कोणी नाही."

मी अनेकांशी भांडले आहे, जावांशी, तलाठ्याशी, सख्ख्या भावाशी. पण त्या एका वाक्याने मला जे झालं ते कोणाच्या शिव्यांनी झालेलं नाही. साहेब जबाब लिहून घेत होते आणि मी त्यांच्या पेनाकडे बघत बसले, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

त्यांनी निकाल दिला नाही. म्हणाले, विमानाचं तिकीट आहे त्याच्या आत मी एकदा घरी येऊन बघून जाईन. कधी, ते सांगणार नाही. पाहुणी आहे म्हणता, तर पाहुणीसारखी राहते का ते बघू.

परतताना गाडीत मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण तिने तो धरलाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून घर पालटलं. बाय सकाळी उठून खोलीच्या ओट्यावर बसायची. स्वयंपाकघरात पाऊल नाही. पाणी हवं असलं तर दारात उभी राहून मागायची. फणस फोडायला घेतला आणि मी सवयीने हाक मारली, तर लांबूनच म्हणाली, "नको काकी. ते आले तर?" मी म्हटलं, इथे पोलीस कुठले यायला बसलेत सकाळी सकाळी. पण रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की आम्ही तिघंही गप्प व्हायचो. माशांची गाडी आली तरी मी दाराआडून बघून यायचे. हे पेपर उलटा धरून वाचायचे. तिने पाकीट पुन्हा पुढे केलं, भाड्याचं. वकील म्हणाले, आता घेऊ नका, मागाहून केल्यासारखं दिसेल. म्हणजे घेतलं नाही म्हणून फसलो आणि घ्यायची सोय नाही म्हणूनही अडकलो. असल्या कायद्याला काय म्हणावं, माझ्याकडे शब्द आहेत, पण ते लिहिण्यासारखे नाहीत.

साहेब आले ते ऐन जेवणाच्या वेळेला. पाहुणे जेवतात त्या बाहेरच्या टेबलावर बाय एकटी जेवत होती. आम्ही आत. जीप अंगणात शिरली. ते उतरले, बसू का म्हणाले, आणि तिच्या समोरच बसले. मी सोलकढी नेऊन दिली. थोडी बशीत सांडली. ते इकडेतिकडे बघत होते. खोल्या, पाटी, स्वयंपाकघराचं दार. जेवण कसं आहे, त्यांनी तिला विचारलं. "छान आहे," ती म्हणाली.

तिचा भात संपला. आमच्याकडे पाहुण्याला ताट उचलू देत नाहीत. घरचं माणूस आपलं ताट आपण उचलतं, मोरीवर नेतं, विसळून ठेवतं. ती पेज केल्याच्या दिवसापासून तिचं ताट तीच उचलत आलेली. आता साहेब बघत होते. तिने ताटात पाणी घेऊन हात धुतले, खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मी पुढे झाले. तिचं ताट उचललं आणि आत नेलं.

बाहेर साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते ह्यांना म्हणत होते, "ठीक आहे. पाहुण्याच आहेत. तसं लिहितो मी. वेळेवर जाऊ द्या त्यांना, आणि धंदा करायचा असेल तर रीतसर व्हिसा घेऊन येऊ द्या. नाव कुठे लागणार नाही." हे त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. वकिलांना फोन करतो म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. ती तिथेच बसलेली. "गेला गो एकदाचा," मी म्हटलं. "सुटलीस. चल, ऊठ आता, आत ये. कढी उरली आहे, दोघी मिळून संपवू."

ती उठली नाही. "नको काकी," ती म्हणाली. "विमानात बसेपर्यंत असंच ठेवू. तुम्ही त्यांना माझ्यासाठी सांगितलं आहे. ते मला खोटं पाडायचं नाही."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही. आत गेले, मोरीवर बसले आणि तिचं ताट घासायला घेतलं.